जिंकलेलं पानिपत, हरलेलं पालखेड

आमच्या ग्रंथालयात पेशवाईचं कपाट देवघेवीच्या खिडकीला लागून आहे आणि विज्ञानकथा मागच्या खोलीत, बालविभागाशेजारी. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' अर्थातच मागच्या खोलीत. त्यातून ती संग्रहातली कथा, म्हणजे दाखल नोंदवहीत तिचं नाव नाही आणि संगणकावर शोधली तरी सापडत नाही. कार्डांच्या काळात संग्रहातल्या एखाद्या कथेचं वेगळं कार्ड करून ते विषयाच्या खणात ठेवता यायचं; विश्लेषणात्मक नोंद म्हणायचो आम्ही त्याला. नव्या सॉफ्टवेअरमध्ये एका पुस्तकाला एकच शीर्षक. याला समितीत प्रगती म्हणतात. परिणाम असा, की पानिपतावर जीव टाकणारा वाचक आणि ही कथा यांची गाठच पडत नाही. म्हणून शेजवलकरांच्या 'पानिपत १७६१'च्या मागच्या पुठ्ठ्याला, तारखेच्या चिठ्ठीखाली मी एक कागद चिकटवला: हे आवडलं असेल तर मागच्या खोलीतली अमुक कथा मागा.

पुढचं सगळं त्या कागदामुळं झालं.

शनिवारी संध्याकाळी खिडकीवर सर्वांत जास्त गर्दी असते. त्या गर्दीत एक निवृत्त इतिहास शिक्षक पुस्तक परत करायला आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, विश्वासराव वाचले म्हणे!"

कथा ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना लागलेली गोळी या कथेत त्यांच्या कानाजवळून जाते. फरक तिळाएवढा. मराठे जिंकतात, आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे त्या जिंकलेल्या जगात जाऊन पोचतात.

सरांना हे अजिबात मान्य नव्हतं. त्यांनी माझ्याकडून एक कोरी मागणी चिठ्ठी घेतली, तिच्या पाठीवर यमुना काढली, अब्दालीची छावणी काढली आणि विचारलं, "गोळी चुकली, ठीक. घोड्यांना चारा कोण देणार?" गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले तेव्हाच रसद तुटली. सैन्य उपाशीपोटी मैदानात उतरलं. अब्दालीनं ताज्या दमाची राखीव फौज दुपारपर्यंत हातची सोडली नाही, वर उंटांवरच्या जंबुरका, म्हणजे हलक्या तोफा, वेगळ्याच. तेव्हा बदलायचंच असेल तर बुंदेल्यांचा मृत्यू बदला, महिनाभर आधीचा. पावती भरायला आलेला कॉलेजातला एक मुलगा मध्येच म्हणाला, "आणि गोल टिकला असता तर?" गोल म्हणजे चारी बाजूंनी बंद, तोफांच्या आधारानं सरकणारी मराठ्यांची सैन्यरचना. झालं. इब्राहिमखान गारदी, त्याच्या तोफा, विंचूरकर, गायकवाड, गोल कुणी मोडला, सगळं खिडकीवर आलं. मासिक बदलायला आलेल्या बाई हातातलं मासिक विसरून ऐकत होत्या. शेवटी कार्यवाह बाहेर आले आणि त्यांनी बोट दाखवलं ते 'शांतता राखा' या पाटीकडं. वाचनालयात पुस्तकावरून भांडण होतंय याचा आनंद होण्याऐवजी ज्यांना पाटी आठवते, अशांच्या हाती आपली वाचनालयं आहेत.

माझं मत असं, की सरांना कथा प्रचंड आवडली होती. पर्यायी इतिहासाची, म्हणजे एखादी घटना वेगळी घडली असती तर काय झालं असतं याच्या गोष्टींची मजा ज्याला खरा इतिहास पाठ आहे त्याला सर्वांत जास्त येते, कारण प्रत्येक वाक्याला तो आतून हरकत घेत असतो. आम्ही मात्र या गोष्टी विज्ञानकथेच्या वाचकांना देतो. त्यांना यंत्र हवं असतं, आणि इथं बहुतेक वेळा यंत्रच नसतं. सर जाताना म्हणाले, "असलं आणखी काय आहे?" हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

असं पुस्तक हातात देण्याआधी मी तीन गोष्टी बघते. काय बदललं आहे, केव्हा बदललं आहे, आणि बदल झाल्यावर किती वर्षांनी गोष्ट सुरू होते. यातली तिसरी सगळ्यांत महत्त्वाची आणि मलपृष्ठावर ती कधीच धड लिहिलेली नसते. फिलिप के. डिकची 'द मॅन इन द हाय कॅसल' (१९६२) या प्रकारातली सर्वांत गाजलेली कादंबरी. बदल आहे १९३३ मधला: मायामीत रूझवेल्टवर झाडलेल्या गोळ्या प्रत्यक्षात त्यांना लागल्या नाहीत, शिकागोच्या महापौरांना लागल्या, कादंबरीत रूझवेल्ट मारले जातात आणि पुढं अमेरिका दुसरं महायुद्ध हरते. पण गोष्ट सुरू होते जपानी अमलाखालच्या सॅन फ्रान्सिस्कोत, जुन्या अमेरिकन वस्तू विकणाऱ्या एका दुकानात. युद्ध कधीच संपलेलं आहे. लढाया शोधणारा वाचक ती चाळीसाव्या पानावर मिटतो. सरांना मी ती दिली नाही आणि अजूनही देणार नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका सभासदानं इंग्रजी पुस्तकांची खोकी दिली होती, त्यांत हॅरी टर्टलडव्ह होता. उत्तर आणि दक्षिण अशा अमेरिकेतल्या यादवी युद्धावरच्या त्याच्या कादंबरीमालिकेची कल्पना सरांसारख्या माणसाला वेड लावेल अशी. सप्टेंबर १८६२ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली याचा एक गुप्त हुकूम तीन चिरुटांभोवती गुंडाळलेला सापडला, शत्रूच्या सैनिकांना. हे खरं घडलेलं. मालिकेत तो कागद दक्षिणेच्याच माणसाच्या हाती लागतो आणि दक्षिण युद्ध जिंकते. पण पुस्तकं अकरा, आमच्याकडं त्यातलं एक, तेही मधलं. मालिकेचं मधलंच पुस्तक देऊन आपण वाचक कायमचा घालवतो. दान देणाऱ्यांना हे सांगावं कसं, ते मला अजून जमलेलं नाही.

मग एल. स्प्रेग डी कॅम्पची 'लेस्ट डार्कनेस फॉल' दिली. १९३९ साली एका मासिकात आलेली, नंतर वाढवलेली. आधुनिक पुरातत्त्वज्ञ सहाव्या शतकातल्या रोममध्ये पोचतो आणि पहिल्यांदा करतो काय, तर ब्रँडीची भट्टी लावतो. कारण त्याला भांडवल हवंय. सावकाराला दुहेरी नोंदीचं हिशेबाचं तंत्र शिकवतो. छापखाना जमतो, पण छापायला पुरेसं चर्मपत्र मिळत नाही. बंदुकीची दारू तर शेवटपर्यंत जमत नाही. सर खूश. "याला रसद कळते," म्हणाले.

त्यानंतर रॉबर्ट हॅरिसची 'फादरलँड' (१९९२). १९६४ सालचं बर्लिन, जर्मनी जिंकलेली, हिटलरचा पंचाहत्तरावा वाढदिवस तोंडावर, आणि एक पोलीस अधिकारी एका खुनाचा तपास करतोय. ही देताना मी एकच सांगते: लेखकाची शेवटची टीप आधी वाचू नका. पुस्तकातली बरीच माणसं खरी आहेत आणि १९४२ पर्यंतचा त्यांचा तपशीलही खरा आहे. ज्यूंच्या संहाराची आखणी झाली ती जानेवारी १९४२ ची वानझेची बैठक खरी. त्या जगात जे दडपलंय ते आपल्या पाठ्यपुस्तकात आहे. तपास करणाऱ्याला ठाऊक नाही आणि वाचकाला पहिल्यापासून ठाऊक आहे, यावर अख्खी कादंबरी तोललेली आहे.

'फादरलँड' परत करायला सर आले ते बिनगर्दीच्या वेळी. "मॅडम, एक लक्षात आलं का? हे लोक जिंकलेलं युद्ध हरून बघतात. आपण हरलेलं जिंकून बघतो." मी नारळीकरांची बाजू घेतली: त्या कथेत मराठे जिंकूनही मुंबई इंग्रजांकडं भाडेपट्ट्यानं आहेच, कंपनी गेलेली नाही, म्हणजे निव्वळ मनाचं समाधान नाही ते. सरांनी मान डोलावली, पण मुद्दा सोडला नाही. "पालखेड हरलो असं कुणी लिहिलंय?"

फेब्रुवारी १७२८. निजाम तोफखाना मागं ठेवून पुढं आला आणि बाजीरावानं त्याला पालखेडजवळ पाण्यावाचून कोंडला. पुढच्याच महिन्यात मुंगी-शेवगावचा तह झाला. समजा, तोफा वेळेवर पोचल्या. समजा, पाणी सापडलं. सरांनी पुन्हा चिठ्ठी मागितली नाही, सगळं तोंडानंच मांडलं: निजामानं पाठीशी घातलेले कोल्हापूरचे संभाजीराजे वरचढ, शाहू मागं, बाजीराव सत्ताविसाव्या वर्षी संपलेला. मल्हारराव आणि राणोजी तिथंच होते, म्हणजे माळव्यात होळकर-शिंदे नाहीत. "मग १७६१ ला आपलं कोण जाणार होतं पानिपतावर? लाखभर माणसं घरी राहतात."

मराठीत अशी कादंबरी मला आठवेना. त्या दिवसापासून शोधते आहे. प्रकाशकांच्या याद्या चाळल्या, दिवाळी अंकांच्या अनुक्रमणिका बघितल्या. जिंकण्याच्या गोष्टी मिळतात. हरण्याचं कुणी लिहायचं म्हटलं तर छापेल का, आणि छापलंच तर आमची समिती घेईल का, ही शंका मला आहे. शंभर वेळा ऐकलेला विजय किती थोडक्यात हुकला असता हे दाखवणारा लेखक त्या विजयाचा अपमान करतो, असं समजणारे लोक आमच्याच सभासदांत भरपूर आहेत.

सरांनी मात्र जाण्याआधी मागणी वहीत रीतसर नोंद केली. पुस्तकाचं नाव: पालखेडला निजाम जिंकतो ती कादंबरी. लेखक, प्रकाशक, किंमत, तिन्ही रकाने रिकामे. महिन्याच्या बैठकीत कार्यवाहांनी त्या नोंदीवर बोट ठेवून मला विचारलं, "कुठल्या प्रकाशनाची आहे ही? सवलत किती टक्के देतात?"