फुटाला पाच सूत : आमची वाटचाल

सावंतवाडीतले लाकूडकाम म्हटले की लोकांना चितारआळीतली रंगीत लाकडी फळे आणि गंजिफा आठवतात. आमची कार्यशाळा त्याच गावातली असली, तरी तिचा माल वेगळा आहे. बागेत चालणाऱ्या छोट्या रेल्वेसाठी आम्ही सिग्नलच्या केबिनी, फाटकवाल्यांच्या चौक्या आणि गँगमनच्या खोल्या प्रमाणबद्ध आकारात बनवतो. आमचा मूळ धंदा दारे, खिडक्या आणि देव्हारे यांचा होता. घरोघरी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या तसे ते काम आटत गेले. त्याच सुमारास पुण्याकडच्या एका गृहस्थांनी आपल्या बागेतल्या रुळांशेजारी ठेवण्यासाठी एक चौकी करून मागितली, आणि ती पाहून त्यांच्या ओळखीच्या शौकिनांकडून पुढच्या मागण्या येऊ लागल्या.

या छंदात मुख्यतः दोन रुंदींचे रूळ चालतात. जर्मनीतील लेमान कंपनीने १९६८ मध्ये एलजीबी या नावाने आणलेली गाडी ४५ मिलिमीटरच्या रुळांवर धावते; मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीचा रेल्वेमार्ग, १:२२.५ या प्रमाणात लहान केला की साधारण तेवढीच रुंदी येते. ब्रिटनमधल्या अनेक शौकिनांचे माप मात्र एका फुटाला १६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १:१९ असे आहे, आणि त्यात दोन फुटी रेल्वेसाठी ३२ मिलिमीटरचे रूळ लागतात. आपली १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ–माथेरान गाडी दोन फुटीच असल्यामुळे ती या मापात बिनचूक बसते. मिरजेहून लोंढ्यामार्गे वास्कोला जाणारा मार्ग नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेज होता, म्हणून त्यावरच्या इमारती आम्ही १:२२.५ मध्ये करतो.

आमच्या मेस्त्रींना १:१९ हेच माप अधिक पसंत आहे आणि त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि सोळा मिलिमीटर म्हणजे जवळजवळ पाच सूत. इंच आणि सुतात हात बसलेल्या माणसाला ‘फुटाला पाच सूत’ एवढे सांगितले की सहा फुटांचे दार तीस सुतांचे होते आणि तो गणकयंत्राशिवाय कामाला लागतो. दहा फुटांमागे सव्वा मिलिमीटरचा फरक पडतो, पण सगळी इमारत त्याच हिशेबाने केली असेल तर तो डोळ्याला जाणवत नाही.

खरी अडचण पावसाची आहे, कारण पावसाचा थेंब १:१९ च्या मापात पडत नाही. मोठ्या घराच्या भिंतीवर एकमेकींवर चढवलेल्या फळ्यांवरून पाणी ओघळून जाते. त्याच फळ्या आठ मिलिमीटर रुंदीच्या केल्या की त्यांच्यामधली केसाएवढी फट पाणी वर ओढून धरते आणि ऊन पडले तरी आतला ओलावा हटत नाही. म्हणून आमच्या भिंतीत फळ्या सुट्या नसतात. मरीन प्लायच्या पाठीवर जलरोधक गोंदाचा सलग थर देऊन त्यावर त्या दाबून बसवलेल्या असतात आणि प्रत्येक फळीचे कापलेले टोक रंगाआधी सीलरने बंद केलेले असते, कारण लाकूड सर्वांत जास्त पाणी टोकाकडूनच पिते. जमिनीवर आपटून उडणाऱ्या पाण्याचेही तसेच आहे. कोकणातल्या घराला ज्यासाठी उंच जोते असते, ते शिंतोडे येथे थेट पागोळीपर्यंत पोचतात. त्यामुळे केबिन मातीवर न ठेवता खडीच्या थरावर ठेवावी, असे आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो आणि बुडाला पितळी स्क्रूचे पाय लावून देतो.

खेळण्यांसाठी येथे पूर्वापार वापरला जाणारा पांगारा हलका आणि कोरायला सोपा असला, तरी उघड्यावर तो टिकत नाही. आम्ही सागवान वापरतो, तेही शक्यतो पाडलेल्या जुन्या घरांच्या वाशांचे. त्यात गाभ्याचे लाकूड भरपूर मिळते आणि रेषा जवळजवळ असतात. भरभर वाढवलेल्या सागाच्या ठळक रेषा एवढ्याशा भिंतीवर भलत्याच मोठ्या दिसतात, शिवाय त्यातला सालीलगतचा पांढरा भाग वाळवीला फार आवडतो. सागाच्या अंगच्या तेलामुळे गोंद धरत नाही, म्हणून चिकटवण्यापूर्वी प्रत्येक पट्टी थिनरने पुसावी लागते. हे कंटाळवाणे काम टाळण्याचा मार्ग आम्हांला तरी सापडलेला नाही.

लेझरने कापलेल्या एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या केबिनी आमच्यापेक्षा बऱ्याच स्वस्त मिळतात आणि घरातल्या मांडणीसाठी त्या उत्तमच आहेत, असे आम्ही विचारणाऱ्याला मोकळेपणाने सांगतो. पावसात मात्र एमडीएफ फुगते. परदेशी मागण्यांमध्ये किमतीपेक्षा बांधणी आणि पाठवणी यांचीच चौकशी अधिक असते. भरीव लाकडाच्या खोक्याला उष्णता-प्रक्रियेचा शिक्का लागतो, प्लायच्या खोक्याला लागत नाही, म्हणून आमची खोकी प्लायचीच असतात. स्विस धर्तीच्या लाकडी घरांनाही मागणी आहे आणि ती आम्ही आनंदाने करतो, पण मंगलोरी कौलांचे छप्पर आमच्या हातून अधिक चांगले उतरते, हे मान्य करायला हवे. खरे कौल साधारण सोळा इंच लांब असते, ते आमच्याकडे एकवीस मिलिमीटरचे होते. ही कौले साच्यातून काढण्याचे आणि एकेक करून बसवण्याचे काम गावातल्या चार-पाच जणी आपापल्या घरी करतात, आणि त्यांच्या ओळी आमच्या मेस्त्रींपेक्षा सरळ असतात.

सध्या बाकावर एक दुमजली सिग्नल केबिन आहे. तिचे छप्पर उचलले की आतले लिव्हर दिसतात. अशा जुन्या केबिनी इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग, म्हणजे सिग्नल आणि सांधे संगणकावरून चालवण्याची व्यवस्था, आल्यावर निरुपयोगी होऊन पाडल्या जातात, त्यामुळे मोजमाप घ्यायला मूळ इमारत नेहमी मिळतेच असे नाही. तेव्हा छायाचित्रातले विटांचे थर मोजून उंची काढावी लागते. जून ते सप्टेंबर येथील हवेत रंग नीट वाळत नाही, म्हणून त्या महिन्यांत आम्ही फक्त दारे, खिडक्या आणि कौले करून ठेवतो आणि नव्या कामाची तारीख दिवाळीनंतरचीच देतो.