तुम्ही विचारलंत म्हणून : दोघंच? कंटाळा नाही आला?

दक्षिण आफ्रिकेहून परतल्यापासून लग्नात, बारशाला, भाजीवाल्यापाशी, प्रश्न ठरलेले. सिंह दिसला का, हा पहिला. खर्च किती आला, हा दुसरा, जरा आवाज खाली आणून. आणि मग बायका मला बाजूला घेऊन तिसरा विचारतात, "38 दिवस? तुम्ही दोघंच? कंटाळा नाही आला?"

आला. बाराव्या दिवशी आला. पण तिथवर यायला सुरुवातीपासून सांगावं लागेल.

2023 चा ऑगस्ट संपता संपता आम्ही मुंबईहून केप टाउनला गेलो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जोहान्सबर्गहून परतलो. आमचे अहो वीज खात्यातून निवृत्त, मी शाळेतून. लेक म्हणत होती, टूरबरोबर जा, जेवणाची चिंता नाही. पण सकाळी सहाला बॅगा खोलीबाहेर ठेवा, साडेसहाला नाश्ता, सातला बस, हे मी सदतीस वर्षं घंटेवर काढलंय. आता नको. भाड्याची गाडी घेतली, स्वयंपाकघर असलेल्या खोल्या घेतल्या आणि पिशवीत भाजणी, मेतकूट, पोहे भरून निघालो. गाडी तिथेही डाव्या बाजूनेच चालवतात, त्यामुळे अहो निर्धास्त.

केप टाउनला आठ रात्री. टेबल माउंटन 1,086 मीटर उंच, वर सपाट, पाट मांडल्यासारखा. वर जाणाऱ्या केबल कारची जमीन गोल फिरते, म्हणजे खिडकीसाठी भांडायला नको. पण वारा सुटला की ती बंद. आम्ही तीन दिवस सकाळी उठून आधी डोंगराकडे बघायचो. ढग पांढऱ्या चादरीसारखा कड्यावरून खाली ओघळत असायचा. चौथ्या दिवशी मुहूर्त लागला.

तिथे सिग्नलला रोबोट म्हणतात. 'पुढच्या रोबोटला डावीकडे' असं पहिल्यांदा कुणी सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही यंत्रमानव शोधत होतो. आणि लोडशेडिंगला मात्र लोडशेडिंगच! त्या वर्षी तिकडे विजेची फार ओढाताण होती. आज स्टेज चार, उद्या स्टेज सहा, कुठल्या भागात किती वाजता जाणार हे सगळं मोबाइलवर. अहोंचा चेहरा असा फुलला की विचारू नका. समोर समुद्र, मागे डोंगर, आणि हा माणूस तक्ता वाचत म्हणतोय, "वेळ अगदी पाळतात हं!"

बो-काप भागातली रंगीबेरंगी घरं बघून परतताना एका मसाल्याच्या दुकानात शिरलो. गल्ल्यावर एक वयस्कर चाचा. कुठून आलात? मुंबई. मूळचे? मी म्हटलं, रत्नागिरी जिल्हा. त्यांनी वजनातली हळद तशीच ठेवली. "खेड?" म्हणाले. त्यांचे आजोबा खेडजवळच्या गावातून बोटीने आलेले. केप टाउनमध्ये कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे हे मला माहीतच नव्हतं. गाव त्यांनी कधी पाहिलं नाही, भाषाही गेली. आजीच्या तोंडचे तीन शब्द तेवढे उरलेत म्हणाले, आणि ते त्यांनी एका दमात म्हणून दाखवले : "ये. बस. जेवलास?" मला, बाईमाणसाला, जेवलास! मी म्हटलं, जेवलो. हळदीचे पैसे काही त्यांनी घेतले नाहीत.

खोलीवर आल्यावर अहोंनी गोखल्यांची गोष्ट काढली. 22 ऑक्टोबर 1912 ला गोपाळ कृष्ण गोखले केप टाउनला उतरले, गांधीजींच्या बोलावण्यावरून. ट्रान्सवालमधल्या (जोहान्सबर्ग ज्यात येतं तो तेव्हाचा प्रांत) कोकणी मुसलमानांसमोर त्यांनी मराठीत बोलावं आणि आपण हिंदुस्थानीत भाषांतर करावं, असं गांधीजींनी सुचवलं. गोखले खोखो हसले. तुमचं हिंदी किती ते मला कळलंय, आता मराठी कुठे शिकलात, असं काहीसं विचारलं. पण मग ते मराठीत बोलले, आणि पुढे त्या दौऱ्यात बोलत राहिले. गांधीजींनीच हे लिहून ठेवलंय. अहोंना ही गोष्ट माहीत होती, मला नाही. तेहतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ऐकली.

सायमन्स टाउनजवळ बोल्डर्सच्या किनाऱ्यावर पेंग्विन आहेत. फोटोत गोंडस दिसतात. प्रत्यक्षात सुक्या मासळीच्या बाजाराच्या वरताण वास, आणि ओरडणं थेट गाढवासारखं. पण एक जोडी मला आवडली. एक पेंग्विन चोचीत काटकी घेऊन यायचा, दुसरीसमोर ठेवायचा. ती उचलून बघायची आणि बाजूला टाकायची. पुन्हा जायचा. मी अहोंकडे पाहिलं, अहो समुद्राकडे बघत होते. पेंग्विनांना खायला तारली आणि तसलेच छोटे मासे लागतात, आणि तेच मिळेनासे झालेत. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. पुढच्याच वर्षी, 2024 मध्ये, हा पेंग्विन अतिधोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला.

मग हरमॅनस, समुद्रकाठचं गाव. इथे व्हेल बघायला बोटीत बसावं लागत नाही, कड्यावरच्या पायवाटेवर बाक टाकलेत, तिथे बसायचं. सदर्न राइट व्हेल तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, दक्षिणेकडच्या थंड पाण्यातून इथे विणीसाठी येतात. 'राइट' का, तर शिकाऱ्यांच्या दृष्टीने मारायला योग्य : सावकाश पोहणारे, किनाऱ्याशी येणारे, मेल्यावर बुडत नाहीत असे. नाव ठेवणाऱ्याच्या जिभेला काही हाड? एक मादी पिल्लाला घेऊन आमच्यासमोर पडून होती. तास गेला, दीड तास गेला. काळ्या खडकासारखी पाठ, मधूनच फुस्सकन फवारा. अहो दुर्बीण माझ्याकडे द्यायचे, मी परत त्यांच्याकडे. दिसलं? दिसलं. तुला? मलाही.

इथेच खरं तर दुखण्याचं मूळ होतं, ते नाय्स्नाला वर आलं.

नाय्स्नाला एक मोठं खारं सरोवर आहे, दोन उभ्या सुळक्यांमधून ते समुद्राला मिळतं. अकराव्या दिवशी दिवसभर गाडी हाकून पोचलो. बाराव्या दिवशी दुपारी मी मेतकूट-भात वाढला. अहो म्हणाले, "आज पण?" बस्. एवढंच. त्यावर मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. भाताचा विषय दोन मिनिटांत संपला, आणि मग जे निघालं ते 1994 सालच्या भाऊबिजेपर्यंत गेलं. शेवटी दोघं गप्प बसलो. आणि त्या गप्प बसण्यात माझ्या लक्षात आलं की आम्हाला एकमेकांना सांगण्यासारखं काही उरलंच नाहीये. घरी अहो सकाळी फिरायला जातात, मी भिशीला जाते, बँकेत कोण भेटलं, जिन्यात कोण काय म्हणालं, हे संध्याकाळच्या चहाला पुरतं. इथे बारा दिवस जे त्यांनी पाहिलं तेच मी पाहिलं. सांगणार काय?

मी म्हटलं, "अहो, तुम्ही तिकडे जा, मी इकडे जाते. पाचला भेटू."

मी पाण्याकाठी जाऊन बसले. ओहोटी लागली होती. पाणी मागे सरलं तसा चिखल उघडा पडला आणि लांब पायांचे पक्षी उतरले. एकजण चोच खुपसून किडा ओढत होता, किडा रबरासारखा लांब होत होता. मी पक्ष्याच्या बाजूने होते. पाचला अहो आले ते ओळखूच येईनात. डोक्यावर केस म्हणून काही शिल्लक नव्हतं. एका सलूनमध्ये शिरले होते, न्हावी मलावीचा. त्याने असे सरळ केस पूर्वी कापले नव्हते, कात्रीतून निसटतात म्हणून हसत सुटला, आणि शेवटी त्याने मशीनच फिरवलं. तोवर त्याच्या गावाकडचं तळं, तिथले मासे, बहिणीचं लग्न, सगळं अहोंनी काढून घेतलं होतं. त्या रात्री आम्ही अकरा वाजेपर्यंत बोललो. दुसऱ्या दिवसापासून नियम केला, रोज दोन तास वेगळं.

अॅडोच्या राष्ट्रीय उद्यानात मात्र एकत्रच जावं लागलं, कारण तिथे हत्ती आहेत आणि गाडीतून उतरता येत नाही. फाटकावरच्या बाईने विचारलं, संत्री-मोसंबी आहेत का? आम्हाला वाटलं, तिला हवीत. तसं नव्हतं. शेतीची नासधूस करतात म्हणून 1919-20 मध्ये एका शिकाऱ्याला नेमून इथले शंभरावर हत्ती मारले. 1931 मध्ये उद्यान झालं तेव्हा अकराच उरले होते. त्यांनी हद्दीबाहेर जाऊ नये म्हणून मग त्यांना संत्री टाकायला लागले, आणि हत्तींना अशी चटक लागली की संत्र्यांपायी एकमेकांशी झुंजायचे. आता सहाशेच्या वर हत्ती आहेत आणि संत्र्यांना बंदी आहे. आमच्याकडे चार होती. ती तिथेच उभ्याने संपवून, हात धुऊन आत गेलो.

डरबन मला आवडलं नाही. दमट, आणि पावाचा गाभा काढून त्यात रस्सा भरतात तो बनी चाऊ फार तिखट; अहोंनी दोन दिवस तेवढंच खाल्लं. पीटरमॅरित्झबर्गला गाडी मुद्दाम वाकडी केली. 7 जून 1893 च्या रात्री गांधीजींना याच स्टेशनवर डब्यातून उतरवलं. लाल विटांचं साधं स्टेशन. फलाटावर आमच्याशिवाय एक झाडूवाला होता.

मग क्रूगरचं राष्ट्रीय उद्यान. जवळपास 19,500 चौरस किलोमीटर; रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्हे आत ठेवले तरी जागा उरेल. आपली गाडी आपण चालवायची, डांबरी रस्त्यावर 50 चा वेग, कच्च्यावर 40, खाली उतरायचं नाही, संध्याकाळी फाटक बंद व्हायच्या आत मुक्कामाच्या कॅम्पवर. आठ रात्री. दोन तास वेगळं कसं राहणार? पण ते आपोआप जमलं. चालवणारे अहो उजव्या खिडकीशी, मी डाव्या. त्यांनी त्यांची बाजू बघायची, मी माझी. तिसऱ्या दिवशी सातारा नावाच्या कॅम्पजवळ (हो, सातारा! आमच्या दोघांच्या आईची शपथ) उजवीकडे सिंह झोपला होता आणि पंधरा गाड्या खोळंबल्या होत्या. मी एकदा वाकून पाहिला. पिवळं पोट, वर-खाली. डावीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तिकडून चार धनेश पक्षी चालत आले. आमच्या देवरुखचा धनेश झाडावर, हे जमिनीवर, टर्कीएवढे मोठे, काळे, गळ्याला लालभडक पिशवी, मागे हात बांधून तपासणीला आलेल्या साहेबांसारखे. एकाच्या चोचीत बेडूक होता. त्याने तो आपटला, फिरवला, गिळला आणि पुढे चालू लागला.

लोअर सॅबी कॅम्पजवळच्या तळ्यावर इंजिन बंद करून अडीच तास बसलो. पाणघोडे खडकांसारखे पडलेले. एकाच्या पाठीवर बगळा उभा राहून मासे टिपत होता. पाणघोडा हळूहळू खाली जायला लागला. पाणी बगळ्याच्या नखांना, मग घोट्यांना, मग गुडघ्यांना. तो हलेना. अगदी शेवटी नाइलाजाने उडाला आणि शेजारच्या पाठीवर जाऊन उभा राहिला. अहोंनी त्याच वेळी त्यांच्या बाजूला मगर पाहिली म्हणे. मी विचारलं नाही. संध्याकाळी व्हरांड्यात चहा टाकल्यावर त्यांनी सांगितली, पहिल्यापासून. माझा बगळा मग मी सांगितला.

शेवटचा दिवस जोहान्सबर्गला, वर्णभेदाच्या संग्रहालयात. तिथे तिकिटावर तुम्ही गोरे की गोरेतर हे छापलेलं येतं, मनाला येईल तसं, आणि दारंही दोन. मला गोऱ्यांचं मिळालं, अहोंना दुसरं. मधे लोखंडी जाळ्या, त्यांत जुनी ओळखपत्रं मोठी करून लावलेली. मी माझ्या बाजूने पुढे गेले. मधेच एकदा त्यांचा निळा शर्ट दिसला, मग तोही दिसेना. नियम आम्हीच केला होता, पण हे तसं नव्हतं. मी भराभर चालत बाहेर आले. अहो आधीच येऊन थांबले होते, तिकीट हातात चुरगळलेलं.

"तुझ्या बाजूला काय होतं?" त्यांनी विचारलं.