पाच फुटांवर मारलेली काट

आमचं काम टेम्पो-ट्रकच्या बॉड्या बांधायचं. त्यामुळे ते नवरा-बायको पुठ्ठ्याचा कंबरभर उंचीचा थेंब काखेत मारून आले, तेव्हा आधी काही कळेचना. गाडीमागे ओढायचा, रात्री दोघांनी आत झोपायचा टिअरड्रॉप ट्रेलर. बाकी सगळं ते घरीच करणार होते, छप्पर तेवढं माझ्याकडून हवं होतं. पुठ्ठा बाजूच्या भिंतीचा होता. सोबत आलेखाच्या कागदावर रुंदी लिहिली होती, पाच फूट.

मी पेन्सिलीने त्यावर काट मारून चार लिहिलं.

कारणं सांगितली ती खोटी नव्हती. रुंदी वाढली की समोरून वारा जास्त अडतो, गाडीला ओढायला जड जातं. अरुंद ट्रेलर गाडीच्या आडोशाला राहतो, आरशातून मागचं दिसतं. पण माझ्या डोक्यात होता पत्रा. अ‍ॅल्युमिनियमचा चार फुटी पत्रा मला गुंडाळीतून हवा तेवढा लांब मिळतो. नाकाखालून कपाळावरून मागच्या झाकणापर्यंत एक तुकडा, मध्ये सांधा नाही. पाच फुटांत सांधा आलाच, आणि असल्या छपरावर सांधा कसा चढवायचा याचं भांडण कधी मिटत नाही. पाणी वरून खाली येतं, म्हणून कौलासारखा वरचा पत्रा खालच्यावर हवा. पण गाडी पळत असताना नाकावरचं पाणी वाऱ्याने खालून वर चढतं आणि नेमकं त्याच फटीत शिरतं. प्लायचंही तसंच. रेषे रुंदीच्या दिशेने ठेवले तरच तो वळणावर मुकाट वाकतो. चार फुटांत आठ फुटी शीटचे बरोबर दोन तुकडे पडतात, पाच फुटांत दर शीटमागे तीन फूट वाया.

"आत किती उरेल?" बाईंनी विचारलं. १८ मिलिमीटरच्या दोन भिंती वजा जाता ११८४ मिलिमीटर, म्हणजे माणशी दोन फूटही नाही. नवरा म्हणाला, चालेल. बाई काही बोलल्या नाहीत.

महिनाभराने ट्रेलर आला. वरच्या कडांना नवऱ्याने हौसेने सिलिकॉन भरून ठेवलेलं. कुठलंही दुखणं असो, लोकांना सिलिकॉनच का सुचतं? त्यावर ना रंग धरत, ना गोंद. ते खरवडण्यात एक सकाळ गेली.

प्लाय मात्र असा बसला की काय सांगू. ३ मिलिमीटरचे दोन थर. नाकाच्या वळणाचे तुकडे गरम पाण्याने भिजवून, पट्ट्यांनी आवळून रात्रभर ठेवले. दुसरा थर गोंद लावून पहिल्याचे सांधे चुकवून बसवला. कुठेही टिचकी मारली तरी आवाज एकच. आमच्या जुन्या सुतारमामांनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "आता यावर कॅनव्हास ताण अन् रंग दे. रेल्वेच्या लाकडी डब्यांची छपरं, बोटींची डेक, सगळं तसंच असायचं." मी हसलो. पत्र्याच्या दुकानात येऊन कापडाच्या गोष्टी.

पत्रा गडद हिरवा निवडला होता. भोकं नकोत, रिव्हेट नकोत, म्हणून मी सकाळच्या गारव्यात सगळ्या पाठीला कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह लावलं. ते एकदा चिकटलं की पुन्हा हलवता येत नाही. म्हणून मध्ये लाकडी पट्ट्या ठेवल्या आणि एकेक पट्टी ओढत, रबरी रूळ फिरवत तो तीन मीटरचा पत्रा मी एकट्याने उतरवला. एक सुरकुती नाही. दहा वेळा लांब जाऊन पाहिला असेन.

दुपारी उन्हात काढला आणि आतून आवाज आला, टक्. मग आणखी एक. ऐन माथ्यावर पत्रा भाकरीसारखा फुगत होता.

गणित साधं आहे. अ‍ॅल्युमिनियम मीटरमागे, दर अंशाला ०.०२३ मिलिमीटर वाढतं. तीन मीटर लांबी आणि गारवा ते ऊन असा चाळीस अंशांचा फरक धरला तर पावणेतीन मिलिमीटर होतात. हे सूतभरही नाही. पण प्लाय त्या मानाने जवळजवळ हलत नाही, आणि कडेला जायला वाट नसली की पत्रा तेवढ्यासाठी दोन फुटांत इंचभर उठतो. पत्रा मोकळा ठेवायचा, फक्त कडांना ब्यूटाइल टेप, म्हणजे पाणी अडवणारी मऊ चिकट रबरी पट्टी, लावून वरच्या पट्टीखाली धरायचा. ट्रकवर आम्ही रोज हेच करतो. इथे मला कारागिरी दाखवायची होती.

पत्रा सोलताना प्लायचा वरचा थर सालपटासकट निघाला. तो सगळा नव्याने घातला आणि मामांना बोलावलं. पातळ केलेला गोंद, त्यावर भिजवून पिळलेला कॅनव्हास, मधून कडेकडे रूळ, वाळल्यावर रंगाचे चार हात. कडा भिंतीवर दुमडून पट्टीखाली. "मी म्हणालो होतो" हे मामा दिवसभरात एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

न्यायला आले तेव्हा दोघं आत झोपून पाहिले. एकाने कूस बदलली की दुसऱ्यालाही बदलावी लागत होती, आणि त्यावर दोघं हसत होते. बाहेर आल्यावर बाईंनी छपरावर हात फिरवला, मग भिंतीला टेकवलेल्या उरलेल्या कापडाकडे पाहिलं.

"हे किती पन्ह्याचं असतं?"

"सहा फूट."

"मग पाच फूट का नाही केलंत?"

"वाऱ्यामुळे," मी म्हणालो.