संत्र्याच्या बागेत कला कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

माझ्या बागेत येणारा माणूस पहिली पाच मिनिटं फुलांचा वास घेत फिरतो, मग झाडांमध्ये कलाकारांनी मांडलेलं काहीतरी वेगळं दिसतं आणि प्रश्न येतोच. कोणी सरळ विचारतं, "अहो, ही कलाबिला इथे कशाला?" कोणी जरा आडून, "याने उत्पन्न वाढतं का हो?" मेसेजवर पण तेच. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

उत्पन्न वाढत नाही. एका झाडाचं तर कमीच झालं, ते पुढे येईलच.

मुळात बघा, कलम हा एकच शब्द आपण किती ठिकाणी वापरतो. लिहायची ती कलम, झाडावर बांधायचं ते कलम, आणि लघुचित्रांच्या शैलींनाही कलमच म्हणतात, पहाडी कलम, कांगडा कलम. मला हे फार उशिरा सुचलं, डोळे भरता भरता, म्हणजे कलमं बांधता बांधता. खुंटाला टी आकाराची चीर द्यायची, साल हलकेच उचकटायची, दुसऱ्या झाडाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, आत सरकवायचा, पट्टी गुंडाळायची आणि मग दोन-तीन आठवडे गप्प बसायचं. खाली जंबेरीचा, म्हणजे खडबडीत सालीच्या आंबट लिंबाचा खुंट जमिनीशी भांडणार, वर मोसंबी लागणार. दोन वेगळी झाडं एका खोडात नांदतात आणि आपण त्याला शेती म्हणतो, हेच कोणी गॅलरीत केलं असतं तर शेजारी माहितीची पाटी लागली असती.

त्यात हे सगळं घराणंच सरमिसळ. महाळुंग (जाड सालीचं मोठं लिंबू), पपनस आणि मँडरिन (सुट्या सालीचं संत्रं) ही मूळची मंडळी, आपण खातो त्यातले बहुतेक प्रकार यांच्याच संकरातून आलेले, मोसंबीवर्गातल्या गोड संत्र्यात पपनस आणि मँडरिन दोन्ही आहेत. सतराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये एक कलम फसलं आणि जोडाच्या जागेवरून असा फुटवा आला की एकाच झाडावर आंबट नारिंग, महाळुंग आणि अर्धं-अर्धं दोन्ही असलेली फळं लागायला लागली. बिझारिया म्हणतात त्याला. कुठल्याही चित्रकाराने ठरवून केलेलं नाही ते.

कलाकारांना पण या फळांचं वेड आहे हो. रूलोफ लो या शिल्पकाराने १९६७ मध्ये लंडनला जवळपास ५,८०० संत्र्यांचा पिरॅमिड रचला आणि येणाऱ्याला सांगितलं, एक उचल, खा. शिल्प लोकांनी खाऊन संपवायचं. योझेफ बॉइसने १९८५ मध्ये एका लिंबात सॉकेट खोचून पिवळा बल्ब लावला आणि सूचना दिली की हजार तासांनी बॅटरी बदला, म्हणजे लिंबू बदला. पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते न्यूटन आणि हेलन हॅरिसन या जोडप्याचं काम. कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत बागा तोडून वस्त्या उठत होत्या, तेव्हा १९७२ मध्ये यांनी लिंबूवर्गीय झाडंच खोक्यांत लावून गॅलरीत दिव्यांखाली उभी केली. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये तो प्रयोग पुन्हा मांडला गेला, अठरा झाडं घेऊन. आणि उलट्या दिशेने आलेला माणूस म्हणजे विसेंत तोदोली, लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाचे माजी संचालक, ते स्पेनमध्ये आपल्या गावी चारशेहून जास्त लिंबूवर्गीय प्रकार सांभाळतात. म्हणजे हा वेडेपणा मी एकट्यानेच केलेला नाही.

आता ते कमी झालेल्या झाडाचं. सुरुवातीला मी कोणालाही हो म्हणायचो. एका शिल्पकाराने फांद्यांवरून तारा ओढून काचेचे तुकडे लटकवले, फार सुंदर दिसायचं, संध्याकाळी तर विचारू नका. प्रदर्शन संपलं, तारा काढल्या, एक राहिली. पानांत दिसलीच नाही. पुढच्या बहाराला तीच फांदी फुलांनी नुसती लगडली, फळंही चिक्कार, मी आपला खूश, म्हणलं कलेचा गुण लागला. मग पान पिवळं पडायला लागलं तेव्हा हात घालून बघितलं तर तार सालीत पार रुतलेली, वर फुगवटा आलेला. पानांनी बनवलेलं अन्न सालीतून खाली मुळांकडे जातं, ती वाट तारेने आवळली, सगळं वरच साठलं म्हणून ती फुलं. वर्षभरात फांदी वाळली. सल, म्हणजे वाळकी लाकडं, काढतो तशी कापून टाकली. ती तार अजून शेडमध्ये खिळ्याला टांगलेली आहे, येणाऱ्या प्रत्येक कलाकाराला आधी ती हातात देतो.

तेव्हापासून खिळा नाही, तार नाही, झाडाच्या घेराखाली गर्दी नाही. या झाडांची अन्न घेणारी मुळं वरच्या हात-दीड हातातच असतात, लोक तुडवून तुडवून माती दाबतात, मग पाणी मुरत नाही, साचतं, बुंध्याला डिंक्या रोग लागतो. उद्घाटनबिद्घाटन ताण चालू असेल त्या दिवसांत, पाणी तोडलेलं असतं तेव्हा. फवारणी असली की प्रदर्शन बंद. एकजण म्हणाला ही सेन्सॉरशिप आहे. असेल.

आणि एक गोष्ट, जे काम उचलून हॉटेलच्या लॉबीत ठेवलं तरी तसंच दिसेल ते मी घेतच नाही. झाड म्हणजे स्टँड नाही.

मागच्या बहाराला एक चित्रकार मुलगी आली, तिने काहीच आणलं नाही, फक्त पातळ पांढरं कापड. ते एका झाडाखाली अंथरलं आणि रोज सकाळी पडलेल्या प्रत्येक कोवळ्या फळाभोवती पेन्सिलने गोल काढायची, शेजारी तारीख, मग फळ उचलायची. फुलांतली शंभरात एक-दोनच शेवटपर्यंत टिकतात हे मला तोंडपाठ होतं, दरवर्षी गळ बघतो, झाडून टाकतो. पण कापडावर ते गोल एकावर एक चढत गेले आणि तिसऱ्या आठवड्यात एका बाजूला जागाच उरली नाही, काळंकुट्ट, दुसरी बाजू बरीच मोकळी. मी म्हणलं वारा असेल. ती म्हणाली, "काका, वारा रोज एकाच दिशेचा असतो का?" खाली बसून ठिबकची नळी चाचपली तर त्या बाजूचे दोन ड्रिपर क्षाराने चोंदलेले.

ड्रिपर साफ केले. ती मात्र जरा हिरमुसली, म्हणाली आता चित्र बदलणार.