आमची डाळमिल, आमची माणसं

मूर्तिजापूर तालुक्यात साळभाऊंनी आणि मी मिळून डाळमिल टाकली, तेव्हा बँकेच्या साहेबांनी कागदांपेक्षा आमच्या चपलांकडेच जास्त पाहिलं. कर्ज मिळालं, ते बायकोच्या नावावरचं शेत तारण ठेवून. त्यामुळे आजही मिलचा मोठा व्यवहार तिला विचारल्याशिवाय होत नाही. लोक हसतात. हसू द्या. पहिली काही वर्षं मजुरीनं डाळ करून दिली, मग स्वतः तूर घ्यायला लागलो. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

सांगायचं आहे ते आमच्या मिस्त्रीबद्दल. मिल म्हणजे रोल, तुरीचं टरफल घासून काढणारा दगडी लाट, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. रोलवरची एमरी, म्हणजे खरखरीत थर, झिजली की टरफल सुटत नाही, दाब वाढवला की खंडा, म्हणजे तुटकी डाळ, पडतो. मिस्त्री रोलखालून पडणारा माल मुठीत घेऊन चोळायचा आणि सांगायचा, तुरीला लावलेलं तेल कमी पडलं की वाळवण कच्चं राहिलं. क्विंटलला 70 किलोच्या वर डाळ पडायची, ती त्या मुठीमुळे.

2015 साली डाळ किलोला 200 रुपयांवर गेली, अन् रस्त्यापलीकडे नवी मिल उभी राहिली. रंगावरून डाळ निवडणारं सॉर्टेक्स यंत्र, मोठा वजनकाटा, एसीची केबिन. त्या शेठनं दुप्पट पगार आणि वर उचल देऊन आमचा मिस्त्री नेला, दोन हमालही नेले. साळभाऊ म्हणाले, त्याला फाटकात उभं करू नका. मी त्याचा पै-पैचा हिशेब केला आणि चहा पाजून पाठवला. पोटात काय चाललं होतं ते मलाच ठाऊक. त्या मोसमात खंडा इतका वाढला की अकोल्याच्या व्यापाऱ्यानं पोती परत पाठवली. हप्ते थकले.

पुढच्या वर्षी मिस्त्री आपल्या पायानं परत आला. म्हणाला, "भाऊ, चार गिऱ्हाइकांसमोर माह्या मायवरून शिवी देल्ली त्यानं. पगार देल्ला म्हणून माय विकत घेतली का?"

आपल्याकडे पोळ्याला बैलाच्या पाया पडतात आणि दुसऱ्या दिवशी सालदाराला अरे-तुरे करतात. मला हे कधीच पटलं नाही.

मग नोटबंदी आली, पाठोपाठ तुरीचं अमाप पीक. बोनस धरून हमीभाव क्विंटलला 5050 रुपये, बाजारात भाव त्याच्या कितीतरी खाली, आणि आमच्या गोदामात आधीच्या महागाईतला माल. हमालांना द्यायला नोटा नव्हत्या. मिस्त्रीच म्हणाला, रोल बंद ठेवू नका, पैशाचं नंतर पाहू. त्याच हंगामात दर्यापूरकडच्या एक मावशी तूर घेऊन आल्या. एकल्या बाईमाणूस, पाच-सहा पोती. पलीकडच्या मिलवर "ए बाई, बाजूला हो" म्हणत त्यांना दुपारभर उन्हात ठेवलं होतं. आमच्याकडे खुर्ची दिली, पाणी दिलं, काटा त्यांच्यासमोर केला. एवढंच. पुढल्या वर्षी त्यांच्या गावाहून ट्रॅक्टर भरून तूर आली. पलीकडच्या मिलला दोन वर्षांत कुलूप लागलं.

मिल टाकायला निघालेल्या पोरांना सांगतो, मोटर किती हॉर्सपॉवरची ते नंतर ठरवा. आधी शेतकऱ्याला बसायला सावली करा. हमालाला नावानं हाक मारा, वयानं मोठा असेल तर अहो-जाहो करा. मजुरी बाजाराच्या दिवशी सकाळीच द्या. संध्याकाळी दिली तर त्याची बायको भाजी काय घेणार? माझा पोरगा एकदा फोनवर ड्रायव्हरवर ओरडला, तर त्याला त्या ड्रायव्हरच्या घरी पाठवून जेवून यायला लावलं. बायकोला हे जरा जास्तच वाटलं होतं.

तो शेठ अजून लग्नाच्या पंगतीत भेटतो. "तुमच्या मिस्त्रीला मीच तयार केलं," असं चारचौघांत सांगतो. मी वरण वाढून घेतो. मिस्त्री शेजारीच बसलेला असतो, तो तर मानही वर करत नाही.