तुम्ही विचारलंत म्हणून: मोटरहोमची शाकारणी

मंडळाच्या गणपतीत प्रसादाचं ताट हातात असताना आमच्या मोटरहोमबद्दल, म्हणजे चाकांवरच्या घराबद्दल, मला दरवर्षी एकच प्रश्न येतो. "मायलेज किती देते हो तुमची?" मी सांगते, गॅलनला आठ-नऊ मैल, वारा समोरून असला तर सात. समोरचा माणूस "बाप रे!" म्हणतो आणि बटाट्याच्या भाजीकडे वळतो. विषय संपला.

यंदा मात्र एका तरुण जोडप्याने वेगळंच विचारलं. "ताई, एक सेकंडहँड मोटरहोम बघतोय. घेणं जमेल असं वाटतंय. पण ती सांभाळायला काय काय लागतं, ते कोणी धड सांगत नाही." ताट खाली ठेवून उत्तर द्यावं असा हा पहिलाच प्रश्न. अर्धंमुर्धं सांगून होतंय तोवर आरती सुरू झाली. उरलेलं इथे लिहिते.

आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो. आमची गाडी २०१२ची, आम्ही घेतली २०१५ साली. २४ फुटी, फोर्ड ई-४५०च्या सांगाड्यावर बांधलेली, ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखी झोपायची जागा असलेली. इथे तिला 'क्लास सी' म्हणतात. घेताना आम्ही दोघं इंजिन, मैल, गिअर असलंच काय काय तपासत बसलो होतो. गाडी घेतोय असं समजत होतो ना! घेत होतो घर. आणि माझं माहेर चिपळूणकडचं. घराला कोण खातं हे खरं तर मला सांगायला नको होतं.

पाणी खातं.

दुसऱ्या वर्षी माळ्यावरच्या गादीला कुबट वास यायला लागला. आधी वाटलं मुलांचे ओले टॉवेल. मग एका पावसाळी सकाळी गादी उचलली तर खालची फळी बिस्किटासारखी हातात आली. गाडीच्या कपाळावर, जिथे पुढचा भाग छताला मिळतो, तिथल्या सांध्यात केसाएवढी फट होती. पाणी शिरत होतं तिथून आणि फुगत होती दोन हात लांबची भिंत. दुरुस्तीवाल्याने सहा आठवडे ठेवून घेतली. सबंध जुलै गेला. बिलाचा आकडा सांगत नाही, नवराही हे वाचणार आहे.

त्या उन्हाळ्यात बाबा आले होते. शिडीवरून त्यांनी छतावर नुसतं डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "अगो, कौलं नाहीत म्हणून शाकारणी चुकते काय?" आमच्या घरी मे महिन्यात कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, रिपा तपासायच्या आणि मृगाच्या आत घर पुन्हा झाकायचं. गळायला लागल्यावर नव्हे, गळायच्या आधी. मोटरहोमचं तंतोतंत हेच आहे. छतावर रबराचा पातळ पडदा असतो आणि त्याला ठिकठिकाणी भोकं पाडलेली असतात: एसी, पंखे, स्कायलाइट, अँटेना, टाक्यांच्या हवेचे पाइप. प्रत्येक भोकाभोवती सीलंट. घर रस्त्यावर हादरत जातं, उन्हात तापतं, थंडीत आखडतं, आणि सीलंटला बारीक चिरा पडतात.

मी वर्षातून दोनदा वर जाते, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. गुडघ्याखाली फळी, हातात ओलं फडकं आणि सीलंटची बंदूक. छतासाठी मिळणारं सीलंट आपोआप पसरून सपाट होतं, इडलीच्या पिठासारखं. उभ्या बाजूंना ते ओघळतं, तिथे न ओघळणारं वेगळं घ्यायचं. सिलिकॉन मात्र चुकूनही नको. स्वस्त असतं, चकचकीत दिसतं, पण पुढच्या वेळी त्यावर दुसरं काहीच धरत नाही, सगळं खरवडून काढावं लागतं. आमच्या आधीच्या मालकाने नेमकं तेच लावून ठेवलं होतं.

आणि अंगठा. आतून-बाहेरून भिंती अंगठ्याने दाबत जायचं, विशेषतः कोपरे, खिडक्यांच्या खालची जागा आणि तो माळा. घट्ट लागलं पाहिजे. बाहेरच्या फायबरग्लासला कुठे फुगवटा दिसला तर आत पाणी पोचलेलं आहे असं समजा. या परीक्षेला पैसे पडत नाहीत, आणि इंजिन ऐकण्यापेक्षा ती कितीतरी जास्त सांगते.

पाण्याचा दुसरा हल्ला आतून होतो, हिवाळ्यात. गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं आणि प्लॅस्टिकच्या जॉइंटना ते सोसत नाही. म्हणून मिशिगनमध्ये ऑक्टोबर संपायच्या आत गाडी 'विंटराइझ' करावी लागते. टाकी रिकामी, गिझर रिकामा, गिझरला वळसा देणारा व्हॉल्व्ह फिरवायचा, आणि पंपाने गुलाबी अँटीफ्रीझ पाइपांतून खेळवायचं. मोटरहोमसाठीचंच, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. इंजिनातलं बहुधा एथिलीन ग्लायकॉलचं असतं, ते विषारी. त्याचा पिण्याच्या पाण्याशी संबंधच येऊ द्यायचा नाही. एकेक नळ उघडायचा, थंड आणि गरम दोन्ही, गुलाबी धार आली की बंद. शॉवर, कमोड, मग प्रत्येक मोरीत कपभर. दोन-तीन गॅलनमध्ये होतं. दीड तासाचं काम.

पहिल्या वर्षी आम्ही हे सगळं केलं आणि स्वतःवर खूश होऊन घरी आलो. एप्रिलमध्ये पाणी सोडलं तर गाडीच्या पोटातून झरा वाहतोय! मागच्या बाजूला पाय धुवायला एक छोटा शॉवर असतो, झाकणाच्या आत. तो आहे हेच विसरलो होतो. आता माझ्या यादीत तो पहिला असतो.

त्याच वसंतात दुसरा पराक्रम नवऱ्याने केला. गिझर भरायच्या आधी त्याचं विजेचं बटण दाबलं. रिकाम्या पातेल्याखाली गॅस लावावा तसं. मिनिटभरात आतली कॉइल गेली. गरम पाण्याचा नळ उघडून धार सलग यायला लागल्याशिवाय त्या बटणाला हात लावायचा नाही, हे आता टेप लावून लिहून ठेवलंय. टाकीचं निर्जंतुकीकरणही तेव्हाच उरकायचं: १५ गॅलन पाण्याला पाव कप साधं, बिनवासाचं ब्लीच, सगळ्या नळांतून वास येईपर्यंत फिरवायचं, रात्रभर ठेवायचं आणि वास जाईपर्यंत धुवायचं.

आता ज्याबद्दल सगळ्यांना विचारायचं असतं पण गणपतीसमोर कोणी विचारत नाही, ते. संडास. कमोडखाली एक टाकी असते, तिला ब्लॅक टँक म्हणतात. बेसिन आणि शॉवरचं पाणी जातं ती ग्रे टँक. नवखे लोक कॅम्पग्राउंडला पोचले की नळी जोडून ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवतात. पाणी वाहून जातं, बाकीचं तिथेच बसतं, वाळतं, आणि त्याचा डोंगर होतो. व्हॉल्व्ह बंद ठेवा, टाकी निदान दोन तृतीयांश भरू द्या, मग एकदम सोडा. आधी ब्लॅक, नंतर ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. पाणी सढळ वापरा, कागद कमी. इथल्या लोकांना हे शिकवावं लागतं. तांब्यावर वाढलेल्या माणसांना नाही. आमची टाकी दहा वर्षांत एकदाही तुंबलेली नाही, याचं श्रेय मी आपल्या संस्कृतीला देते. टाकी किती भरली ते दाखवणाऱ्या दिव्यांवर मात्र विश्वास ठेवू नका, ते हमखास खोटं बोलतात. मिशिगनच्या बहुतेक स्टेट पार्कांत जागेवर फक्त वीज मिळते, टाक्या निघताना डम्प स्टेशनवर रिकाम्या करायच्या. रविवारी सकाळी तिथे रांग लागते आणि रांगेतले सगळे तुमच्याकडे पाहत असतात. हातमोजे घाला, घाई करू नका.

आपला खरा घोळ ग्रे टँकमध्ये होतो. आमटीचा तवंग आणि भाताची शितं चार दिवसांनी मोरीतून जो वास पाठवतात, त्यापुढे ब्लॅक टँक सभ्य म्हणायचा. ताटं आधी कागदाने पुसून मगच धुवायची. आणि फोडणी बाहेर! मोहरी तडतडली की धुराचा भोंगा कोकलतो, आणि २४ फुटांत त्याच्यापासून लांब जायला जागा नसते. आम्ही गाडीच्या सावलीत छोटी शेगडी लावतो. गॅसचा भोंगा वेगळा, तो जमिनीलगत असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड. त्यावर मुदत छापलेली असते. सेकंडहँड गाडीत ती हमखास उलटून गेलेली असते, पहिल्याच दिवशी बघा.

टायर. नक्षी बघून फसू नका. मोटरहोमचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. कडेवर एक नंबर असतो, त्याचे शेवटचे चार आकडे वाचायचे: ४१११ म्हणजे २०११चा ४१वा आठवडा. सहा-सात वर्षं झाली की नक्षी कितीही शिल्लक असो, बदलायचे. २०१८मध्ये आम्ही सहाच्या सहा बदलले तेव्हा नवऱ्याच्या अगदी जिवावर आलं होतं. मागे जोडचाकं असतात. आतल्या चाकाच्या हवेकडे कोणी बघत नाही, कारण हात पोचत नाही. व्हॉल्व्हला लांब नळ्या लावून घ्या.

त्यातच वजनाचं. आमच्या गाडीची मर्यादा १४,५०० पौंड. एकदा सगळं भरून ट्रकवाल्यांच्या काट्यावर नेली तर १४,१८० भरली. म्हणजे ४० पौंडी तांदळाच्या आठ पिशव्या काय ती सवलत! ४० गॅलन पाणीच ३३० पौंडांचं होतं. तेव्हापासून आम्ही पाणी मुक्कामी पोचल्यावर भरतो, आणि आई गेल्यापासून न वापरलेला बिडाचा तवा घरीच ठेवतो. नेऊन तरी काय करणार होतो कोण जाणे.

विजेचं थोडक्यात. जोडणी ३० अँपिअरची असेल तर एसी, मायक्रोवेव्ह आणि चहाची किटली या तिघांतले दोघेच एका वेळी. कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबाला लावायचा सर्ज प्रोटेक्टर (वीज एकदम उसळली तर वाचवणारा) आणि तिथल्या नळाला लावायचा प्रेशर रेग्युलेटर (पाण्याचा जोर आवरणारा), या दोन वस्तू पहिल्या मुक्कामाच्या आधी घ्या. जनरेटर महिन्यातून एकदा तासभर भार देऊन चालवा, नाहीतर त्याच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा बसतो. हिवाळ्यात बॅटऱ्या पूर्ण भरून, तारा सोडवून ठेवा. भरलेली गोठत नाही, उतरलेली गोठते. गाडीची उंची स्टिअरिंगसमोर लिहून चिकटवा. आमची ११ फूट २ इंच आहे, हे बर्गरच्या दुकानाच्या आडव्या दांडीला कळायच्या आत मला आठवलं, एवढंच. आणि अप्पर पेनिन्सुलाला, म्हणजे मिशिगनच्या उत्तरेकडच्या भागात, जाणार असाल तर निघण्यापूर्वी मॅकिनॉ पुलावरचा वारा बघा. पाच मैलांचा पूल आहे, वारा चढला की उंच गाड्यांना थांबवतात. आम्ही एकदा अलीकडे तीन तास बसलो, पोहे केले.

उंदरांचं आणि गांधीलमाश्यांचं विसरलेच. खालच्या प्रत्येक भोकात स्टीलची घासणी कोंबा, हीटर आणि गिझरच्या बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी लावा.

हॉटेलचे पैसे वाचतील म्हणून घेत असाल तर घेऊ नका, वाचत नाहीत. विमा आहे, दुरुस्ती आहे, आणि आमच्या वसाहतीत दारात उभी करायला मनाई असल्यामुळे जागेचं भाडं आहे. आधी दोन वेळा भाड्याने घेऊन जा. त्यातली एक खेप भर पावसातली असू दे.

त्या जोडप्याबरोबर मी गेल्या शनिवारी ती गाडी बघायला गेले होते. आदल्या रात्री पाऊस झालेला, म्हणजे मुहूर्त उत्तम. मालक आजोबा फार गोड माणूस, कॉफी दिली. आत पाय ठेवला तर व्हॅनिलाचा इतका दरवळ की मला शंका आली. माळ्यावर चढले, गादी सरकवली आणि कोपऱ्यात अंगठा दाबला. गेला आत. तिला वर बोलावलं, तिनेही दाबून पाहिला आणि खाली उभ्या नवऱ्याकडे बघून नुसती मान हलवली. तो तेव्हा इंजिनाचे मैल वाचत होता.

परतताना गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ती म्हणाली, "ताई, पुढच्या शनिवारी एक टोलिडोला आहे. याल का? शिडी आम्ही आणतो."