लागतात की नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, आणि एकदाच. सेमिनार असो, वायवा असो, नाहीतर डोंबिवली फास्टमधली चौथी सीट, प्रश्न ठरलेला: "मॅडम, तांबड्या क्लोव्हरचे मार्कर बरसीमला लागतात का? हो की नाही ते सांगा." (सोसायटीच्या कुंडीतली आंबुटी दाखवून "हेच ना गं तुझं क्लोव्हर?" म्हणणाऱ्या काकू परवडल्या. त्या निदान पुढचं ऐकून घेतात.)

बरसीम आणि क्लोव्हर ही चाऱ्याची पिकं. मार्कर म्हणजे वाण ओळखायला वापरतात ती डीएनएमधली खूण; एका जातीसाठी शोधलेली खूण दुसरीतही चालली, की ती 'लागली'. बरसीमसाठी मी हे मार्कर उसने का घेतले? घरात नव्हते म्हणून. तांबडं आणि पांढरं क्लोव्हर ही श्रीमंत देशांच्या कुरणांतली पिकं, त्यांचे मायक्रोसॅटेलाइट (जीए-जीए अशी ठरावीक अक्षरं ओळीनं पुन्हा पुन्हा येतात त्या डीएनएच्या जागा, हेच आमचे मार्कर) शेकड्यांनी निघाले. बरसीम पडतं म्हशीच्या पुढ्यात. नवे मार्कर शोधायला पैसा कुठला? शिवाय तांबडं क्लोव्हर आणि बरसीम दोन्ही ट्रायफोलियमच, म्हणजे एकाच वंशातले. तांबड्यात गुणसूत्रांच्या ७ जोड्या, बरसीममध्ये ८. एवढ्या फरकाला घाबरायचं काय, असं तेव्हा वाटलं होतं.

आता तो मे महिना. अशा जागेच्या दोन्ही टोकांना चिकटणारे डीएनएचे आखूड तुकडे म्हणजे प्रायमरची जोडी; ती घालून पीसीआरनं तेवढा भाग वाढवायचा, मग जेलवर त्याचा पट्टा दिसतो. प्रायमर चिकटायचं तापमान ५८ अंश ठेवलं, तर बरसीमच्या रांगा कोऱ्या. ५५ ला कोऱ्या. मी तापमान उतरवत गेले, ५० ला पट्टे आले. मेस्कावी, वरदान या बरसीमच्या वाणांत, सगळीकडे, अगदी तांबड्या क्लोव्हरच्याच उंचीला. जेल रंगवायच्या सिल्व्हर नायट्रेटनं काळी पडलेली बोटं तशीच घेऊन खाली गेले आणि पेढे आणले. खरंच आणले. ४० जोड्यांपैकी २६ 'लागू' अशी वहीत नोंद आहे, खाली दोन रेघा मारून.

मग त्यातले काही पट्टे कापून सीक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचायला, पाठवले. निकाल लोकलमध्ये, फोनवर उघडला. दोन्ही टोकांना माझे प्रायमर होते. मध्ये जीए-जीए-जीए ही माळ असायला हवी होती. एकदाही नव्हती. भलताच तुकडा, फक्त लांबीला तेवढाच. ठाणं गेलं, दिवा गेलं, मी तीच ओळ पुन्हा पुन्हा वर-खाली करत होते. तापमान उतरवलं की प्रायमर अर्धवट जुळेल तिथेही चिकटतो, हे मला माहीत नव्हतं का? मीच एम.एस्सी.च्या मुलांना शिकवत होते.

"पट्टा आलाय ना? मग लिहा," असं मला सांगण्यात आलं. मी लिहिलं. पोस्टरवर २६ हाच आकडा गेला.

तुम्ही म्हणाल, मग 'नाही' म्हणून मोकळ्या व्हा. तसंही नाही. व्यक्त होणाऱ्या, म्हणजे पेशीत प्रत्यक्ष काम करणाऱ्या, जनुकांतून काढलेले मार्कर नात्यातल्या जातींत बरे चालतात, कारण तो भाग फारसा बदलत नाही. आणि बदलत नाही म्हणूनच वाण ओळखायला तो पुष्कळदा कुचकामी. उलट, पट्टा आला नाही म्हणजे ती जागाच नाही, असंही नव्हे. प्रायमर बसतो तिथलं एखादं अक्षर बदललं तरी रांग कोरी राहते. पांढऱ्या क्लोव्हरचं तर विचारूच नका. ऑक्सिडेंटाले आणि पॅलेसेन्स या क्लोव्हरच्या दोन जाती, दोघींचे जीनोम (सगळा डीएनए) त्याच्या पोटात, त्यामुळे एकाच झाडात चार-चार पट्टे. कोणता कोणाचा, ते सांगा तुम्हीच.

त्या काळची मी आज समोर आले तर तिला ओरडेन की पेढा घेईन, कोण जाणे. घाई तिची होती, पण ती नसती तर मी बरसीमला हातच लावला नसता.

मागच्या महिन्यात त्याच जोड्या पुन्हा काढल्या. या वेळी ५८ च्या खाली उतरले नाही. तिघींनी पट्टे दिले. एकीचा सीक्वेन्स परवा आला: जीएची माळ आहे. मेस्कावीतही ११ वेळा, वरदानमध्येही ११ वेळा.